एकाच भागात दहा पापडवाल्या. त्यात आपला धंदा उठून कसा दिसायचा?

मिरजमळा

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी आणि माझी जाऊ सांगलीत घरगुती पदार्थ करून विकतो. नाचणीचे पापड, पोह्याचे पापड, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, उन्हाळ्यात कुरडया आणि सांडगे. मालाला अजून कुणी नाव ठेवलेलं नाही. पण आमच्यासारख्या बायका आमच्याच भागात दहा तरी असतील. बचत गटांच्या प्रदर्शनात गेलं की ओळीने तेच स्टॉल, तीच पारदर्शक पाकिटं, तोच भाव. शिवाय मोठ्या कंपन्यांचा माल दुकानात असतोच.

दुकानदार पहिलं वाक्य टाकतो, "त्या दुसऱ्या ताई वीस रुपये कमी लावतात, तुम्ही काय करता बोला." आणि पैसे महिन्याने. महिन्याने गेलं की शेठ बाहेर गेलेले असतात.

भाचा म्हणतो लोगो काढा, रील टाका. जाऊ म्हणते भाव उतरवा. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरं काही सुचतही नाही. कुणी धंदा केला असेल किंवा जवळून पाहिला असेल तर सांगा. पुस्तकी नको.

---

शेंगदाणा

लोगो मी काढून देतो, फुकट. बदल्यात मेतकूट.

(गंमत नाही, खरंच.)

---

नर्मदेहर

ताई, भाव उतरवायच्या आधी निरमाचं उदाहरण बघा. लोक ते अर्धंच सांगतात.

करसनभाई पटेल गुजरात सरकारच्या खाणकाम खात्यात केमिस्ट होते. १९६९ मध्ये घराच्या मागे पावडर मिसळायला लागले, नोकरीवर जाता-येता सायकलवरून विकायचे. सर्फ तेव्हा मध्यमवर्गालाही महाग वाटायची. यांची पिवळी पावडर तिच्या चौथाई भावाच्या आसपास. घरोघरी गेली आणि पुढे सर्फलाच मागे टाकलं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

उरलेलं अर्धं असं. तो भाव त्यांना परवडत होता, कारण त्यांचा खर्चच मुळात वेगळा होता. महागडे घटक नाहीत, मोठा कारखाना नाही, ऑफिस नाही, जाहिरात सुरुवातीला नाही. विजेची यंत्रं न वापरता हाताने मिसळलेला माल असल्याने अबकारी करात सवलत होती, ती वेगळीच. हिंदुस्थान लिव्हरला त्याच भावात तशी पावडर काढायची तर आपली सगळी घडी मोडावी लागली असती. शेवटी त्यांनी ऐंशीच्या दशकात व्हील हा वेगळाच माल वेगळ्या पद्धतीने काढला, तेव्हा कुठे टक्कर देता आली.

आता तुमचं बघा. तुम्ही आणि त्या वीस रुपये कमी लावणाऱ्या ताई, दोघींची नाचणी एकाच बाजारातली, लाटणं सारखं, गॅस सारखा. मग ते वीस रुपये येणार कुठून? तुमच्या मजुरीतून. त्या ताईसुद्धा मजुरीतूनच देतायत, फक्त त्यांनी अजून हिशेब मांडलेला नसेल.

---

पेठी

नर्मदेहर यांना +१.

आमच्या पुण्याचं उदाहरण द्यायलाच हवं, नाहीतर आम्हाला झोप लागत नाही. चितळ्यांचं दुकान वर्षानुवर्षं दुपारी एक ते चार बंद असायचं. त्यावर इतके विनोद झाले की २०१६ मध्ये दुपारी उघडं ठेवायला लागले तर ती बातमी झाली. बाहेरचे लोक म्हणतात माज. माज असेल, पण माज परवडायलासुद्धा काहीतरी लागतं ना! बाकरवडी आज खा, सहा महिन्यांनी खा, तोच तिखटपणा, तोच खुसखुशीतपणा. त्यासाठी त्यांनी बाकरवडी यंत्रावर नेली. "हाताची चव गेली" म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होते, रांग काही हटली नाही.

---

शेंगदाणा

धागा पुण्यावर गेला. कुणाला पॉपकॉर्न हवेत?

---

ठाकूरद्वार

मिरजमळा, तुम्ही पापड म्हणालात आणि माझं लहानपण गिरगावातलं, त्यामुळे लिज्जतबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. जरा लांबेल.

१५ मार्च १९५९. गिरगावात लोहाणा निवास नावाची इमारत, तिच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यातल्या एक, त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. भांडवल ८० रुपये, तेही उसने, छगनलाल पारेख यांच्याकडून. सगळे त्यांना छगनबापा म्हणत. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याने घेतली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये.

आता लक्षात घ्या, मुंबईत पापड ही काय नवलाची वस्तू होती? त्या वस्तीत घरोघरी पापड लाटणाऱ्या बायका होत्या, तुमच्या दहाच्या जागी शंभर असतील. चवीत कुणी कुणाला हार जाणारी नव्हती. मग याच कशा वर आल्या?

माझ्या मते त्यांनी सुरुवातीलाच तीन-चार गोष्टींना नाही म्हटलं आणि ते नाही नंतर कधी मोडलं नाही.

पहिलं म्हणजे दुय्यम माल. सुरुवातीला दोन प्रतींचे पापड करून त्यातले हलके स्वस्तात विकायचा त्यांचा विचार होता. छगनबापांनी तो मोडून काढला. एकच प्रत करायची, ती उत्तम करायची आणि हिशेब व्यापाऱ्यासारखा चोख ठेवायचा, असं त्यांचं सांगणं.

दुसरं, फुकटचा पैसा. देणगी मागायची नाही, तोट्यात गेलो तरी नाही.

तिसरं, बसून खाणारा मालक. संस्थेत जी बाई आहे ती सभासद, तीच मालकीण. नफा-तोटा सगळ्यांचा. आज ही संख्या ४५ हजारांच्या घरात आहे आणि उलाढाल हजार कोटींच्या वर गेली आहे, तरी मूळ रचना तीच.

चौथं, उधारी. माल द्यायचा तो रोखीने.

आणि रोजची पद्धत बघा. सकाळी केंद्रावर पीठ मळून तयार असतं. बायका येतात, कालचे लाटून वाळवलेले पापड देतात, ते तपासले जातात, वजन होतं, लाटण्याची मजुरी, तिला तिथे वणाई म्हणतात, ती मिळते आणि नवीन पीठ घेऊन त्या घरी जातात. घर स्वच्छ आहे का, पापड वाळत घालायला जागा आहे का, हे आधी बघितलं जातं आणि नंतरही अचानक येऊन बघतात. पीठ मात्र कुणी घरी मळायचं नाही. उडीद, हिंग, मिरी यांची खरेदी मध्यवर्ती ठिकाणी होते आणि तिथून शाखांना जाते. म्हणजे लाटणारे हात हजारो, पण चव ठरते ती एका जागी. ही विभागणी मला फार हुशारीची वाटते. लाटण्यात थोडा फरक झाला तर पापड जरा जाड-पातळ होतो, पण मळण्यात फरक झाला तर नाव जातं.

पावसाळ्याचा किस्सा सांगायचा राहिला. पहिल्या वर्षी पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं, पापड वाळेचनात. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. झालं! ज्या महिन्यांत बाकीच्यांचा माल बंद, त्या महिन्यांत यांचा चालू. दुकानदाराला याहून मोठं वेगळेपण काय हवं? पाऊस असो, नसो, माल येतो.

नाव तर नंतर आलं, १९६२ मध्ये. स्पर्धा ठेवली होती, बक्षीस पाच रुपये. जाहिरातीतला ससा आणि कर्रम कुर्रम त्याच्याही बऱ्याच नंतरचे. म्हणजे तुमच्या भाच्याचा लोगो यायच्या आधी तीन वर्षं माल खपत होता.

---

एडिसनची_सून

ठाकूरद्वार, काय सुंदर लिहिलंत!

इथे न्यू जर्सीत इंडियन ग्रोसरीच्या दुकानात लिज्जत नेहमी असतं. खरं सांगू का, माझ्या मावशीचे उडदाचे पापड लिज्जतपेक्षा कितीतरी चांगले असतात. पण पाचातून तीनदा. एकदा पापडखार जास्त, एकदा मिरी भरड राहिलेली. मावशीचे आहेत म्हणून आम्ही हसून खातो. पाहुणे जेवायला असतील तेव्हा मात्र लिज्जतचंच पाकीट फोडते. तळायच्या आधीच माहीत असतं काय होणार ते.

---

चष्मेबहाद्दर

सगळं छान आहे, पण एक खडा टाकतो.

आपण जिंकलेल्यांच्या गोष्टी सांगतोय. एकच प्रत, रोख हिशेब, सगळ्या बायका मालक, हे सगळं पाळून बंद पडलेल्या संस्था किती असतील? त्यांच्यावर कुणी धागा काढत नाही. १९५९ च्या त्याच वर्षी गिरगावात आणखी कुणी गच्चीवर बसलं असेल, आपल्याला नाव माहीत नाही.

आणि लांब कशाला, लिज्जतचंच घ्या. १९७९ च्या सुमाराला त्यांनी अगरबत्ती, आगपेट्या आणि चामड्याच्या वस्तू करून बघितल्या. संस्था तीच, नियम तेच, बायकाही तशाच कष्टाळू. तिन्ही जमले नाहीत. मग "नाही म्हणायची" जी शिस्त ठाकूरद्वार सांगतायत, ती तिथे का नाही चालली?

---

ठाकूरद्वार

चष्मेबहाद्दर, खडा योग्य जागी पडला. उत्तर देतो.

शिस्त लागतेच, पण ती कोणत्या मालाला लावताय यालाही अर्थ आहे. पापडाचे गुण मोजा. वजनाला हलका, नासत नाही, फ्रिज नको, दर आठवड्याला घरात लागतो. आणि कामाचे दोन तुकडे स्वच्छ पडतात. मळणं एका जागी, लाटणं घरी. लाटायला पोळपाट-लाटणं सोडून काही लागत नाही आणि ते हातांत लहानपणापासून बसलेलं असतं. घरातली बाई मुलाला शाळेत पाठवून, कुकर लावून मधल्या वेळात लाटू शकते. आगपेटीला यातलं काय लागू पडतं? दारूगोळ्याचं काम स्वयंपाकघरात कोण करू देईल? शिवाय त्या बाजारात आधीच मुरलेले लोक बसलेले.

म्हणजे पद्धत आणि माल एकमेकांना शोभायला हवेत. तुमच्या "बंद पडलेल्या संस्था" या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, तो मुद्दा तुमचा.

---

चष्मेबहाद्दर

मान्य. आणि तुमचा दोन तुकड्यांचा मुद्दा आवडला. (मी कुणाचं काही आवडलं म्हणत नाही, नोंद घ्यावी.)

---

दिंडोरीकर

राम राम. पापडातलं कळत नाही, द्राक्षातलं थोडं कळतं.

२०१० साली आमच्या नाशिककडची द्राक्षं युरोपात अडकली. क्लोरमेक्वॉट क्लोराइड नावाच्या वाढरोधकाचा अंश सापडला आणि माल नाकारला. कंटेनर तिकडे, शेतकरी इकडे, पैसे कुणाकडेच नाहीत. त्या वर्षी या भागात काय झालं ते ज्याने पाहिलं तो विसरणार नाही. मालाला दोष नव्हता असं नाही. पण कोणत्या बागेतला माल, कुणी काय फवारलं, कधी फवारलं, हे प्रत्येक पेटीमागे पक्कं सांगता येणं किती महत्त्वाचं आहे ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

विलास शिंदे आणि त्यांच्याबरोबरचे द्राक्षवाले शेतकरी त्याच फटक्यातून गेले. त्यानंतर सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी उभी राहिली, मोहाडीला. आज देशातली सगळ्यात मोठी द्राक्ष निर्यातदार म्हणून तिचं नाव घेतात, २०२२ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. लोक तिथली यंत्रं, शीतगृहं बघून येतात आणि भारावतात. मला विचाराल तर खरं काम वहीत आहे. प्रत्येक प्लॉटची नोंद. तिकडच्या सुपरमार्केटला उद्या शंका आली तर पेटीवरच्या नंबरावरून बागेपर्यंत येता यायला हवं. गोड द्राक्ष चिली पिकवतं, पेरू पिकवतं, दक्षिण आफ्रिका पिकवते. गोडीवर कुणी आपल्याला वेगळं मानत नाही, वहीवर मानतं.

ताई, तुम्ही प्रत्येक घाण्याची तारीख आणि डाळ कुठली घेतली ते लिहून ठेवता का?

---

मिरजमळा

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळे वाचले, काही दोनदा.

दिंडोरीकर दादा, नाही ठेवत. जाऊ अंदाजाने घालते आणि तिचा अंदाज चुकत नाही असं आम्ही म्हणतो. एडिसनच्या वहिनींचं "पाचातून तीनदा" वाचून जावेला दाखवलं. तिने फक्त हूं केलं.

ठाकूरद्वार काका, सगळं पटलं, पण एका जागी अडते. त्या बायका उधारीला नाही म्हणू शकल्या कशा? मी नाही म्हटलं तर दुकानदार लगेच दुसरीचा माल ठेवतो. माझ्या मागे दहा जणी उभ्या आहेत.

---

नर्मदेहर

हाच तर कळीचा प्रश्न. पुन्हा निरमा. (माझ्याकडे एकच उदाहरण आहे, पण चांगलं आहे.)

असं सांगतात, की ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचेही पैसे दुकानदारांकडे अडकले होते. उधारीवर माल जायचा, वसुलीला गेलं की टोलवाटोलवी. करसनभाईंनी माणसं पाठवली आणि पैसे तरी द्या नाहीतर माल परत द्या, असं करून बाजारातला बराचसा माल उचलला. मग टीव्हीवर जाहिरात सुरू केली, पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी, ते गाणं, सगळं. लोक दुकानात जाऊन मागायला लागले आणि दुकानात निरमा नाही! दुकानदारच मागे लागले, तेव्हा माल दिला, रोखीने.

किस्सा सांगणाऱ्यांनी त्यात मीठमसाला घातला असेलही. पण त्यातलं शहाणपण असं की उधारी मागणारा दुकानदार असतो, ती बंद करू शकणारं मात्र गिऱ्हाईक असतं. दुकानात येऊन "मिरजेच्या ताईंची भाजणी आहे का" असं पाच बायकांनी विचारलं की शेठ बाहेर जायचे थांबतात.

---

मिरजमळा

नर्मदेहर, सांगलीच्या. मिरज हे फक्त नाव आहे.

बाकी मुद्दा कळला. पण टीव्हीवर जाहिरात कुठून करू?

---

ताळेबंद

मी हिशेबनीस, म्हणून कोरडं लिहितो.

उधारी ही नुसती कटकट नाही, तो खर्च आहे. समजा तुम्ही रोज दोन हजारांचा माल दुकानांत टाकता आणि पैसे तीस दिवसांनी मिळतात. म्हणजे कोणत्याही दिवशी तुमचे साठ हजार दुसऱ्याच्या गल्ल्यात आहेत. ते तुमचे असते तर हंगामात नाचणी पोत्याने घेतली असती, आता किलो-किलोने महाग घेता. भाव वीस रुपये जास्त का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. दुकानदार स्वतःच्या उधारीमुळे तुमचा माल महाग करतो आणि वर तुम्हालाच महाग म्हणतो.

कायद्याचा आधार थोडा आहे, फार नाही. उद्यम नोंदणी फुकट होते, नसेल तर करून घ्या. तुम्ही उत्पादक आहात, त्यामुळे लघुउद्योग कायद्याने लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या आत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आली. वेळेत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. मोठे खरेदीदार त्यामुळे जरा हलले. पण कोपऱ्यावरचा किराणावाला अंदाजित नफ्यावर कर भरत असेल तर त्याला याचं काही नाही. त्यामुळे कायदा दाखवून भांडायला जाऊ नका, माल बंद होईल.

दोन किरकोळ गोष्टी. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत (ती अजून चालू आहे का ते आधी विचारा) कर्ज काढून केलेल्या प्रकल्पाच्या पात्र खर्चावर ३५ टक्के अनुदान, कमाल दहा लाख. ठाकूरद्वारांच्या खाट-स्टोव्हच्या जागी छोटा ड्रायर त्यातून होऊ शकतो. आणि पापडाला जीएसटी नाही. गोल पापडाला नाही आणि चौकोनीला आहे, अशी हाकाटी २०२१ मध्ये झाली होती, तिचा खुलासा खात्याने तेव्हाच केला. आकार कोणताही लाटा.

---

शेंगदाणा

त्रिकोणी लाटा. उठून दिसेल. धागा सुफळ संपूर्ण.

---

पेठी

मला एक विचारायचंय. मिरजमळा, तुमच्या सहा-सात पदार्थांपैकी लोक पुन्हा मागायला येतात तो कोणता? "छान होतं" म्हणणारे सोडा. घरी येऊन, फोन करून, शेजारणीला सांगून मागतात तो.

---

मिरजमळा

भाजणी. एका दमात सांगते, भाजणी. पापड प्रदर्शनात खपतात, भाजणी घरून जाते. वालचंद कॉलेजच्या बाजूला दोन खानावळी आहेत, त्या चालवणाऱ्या वहिनी दर आठवड्याला नेतात आणि पैसे हातात ठेवतात. होस्टेलच्या मुली सुट्टीवरून जाताना डबे भरून नेतात.

पण भाजणीत करण्यासारखं काय आहे? ती तर सगळ्याच करतात.

---

पेठी

पापड पण सगळ्याच करत होत्या की!

बघा, तुमच्या धाग्यातच उत्तर पडलंय. उधारी मागणारे कोण? दुकानदार. रोख देणारे कोण? खानावळवाल्या. मग तुमचा बाजार दुकान आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? खानावळीला पाकीट सुंदर नको असतं, पाच किलोची पिशवी चालते. तिला एकच हवं असतं, मंगळवारचं थालीपीठ गेल्या मंगळवारसारखं व्हायला हवं. नाहीतर पोरं ओरडतात.

---

ठाकूरद्वार

पेठी, बरोब्बर. आणि भाजणीचेही दोन तुकडे पडतात, बघा. भाजणं हे मळण्यासारखं. तांदूळ, बाजरी, ज्वारी, हरभरा डाळ, उडीद, धणे, जिरे, प्रत्येकाचं भाजणं वेगळं, ते जावेच्या हातात ठेवा, पण मापून. निवडणं, दळून आणणं, भरणं कुणीही करू शकतं. उद्या मागणी वाढली तर भाजणं घरात ठेवून बाकीचं त्याच दहा जणींतल्या दोघींना देता येईल. प्रतिस्पर्धी कमी होतील आणि मदतनीस वाढतील.

---

चष्मेबहाद्दर

दोन खानावळी म्हणजे बाजार नव्हे. उद्या एकीने बंद केली तर निम्मा धंदा गेला. आधी दोनाच्या सहा-सात करा, मग दुकानदारांना नाही म्हणा. उलट्या क्रमाने केलंत तर उपाशी मराल.

---

ताळेबंद

यांच्याशी सहमत होणं मला जड जातंय, पण सहमत.

---

दिंडोरीकर

आणि वही घाला.

---

मिरजमळा

कळवायचं राहिलं होतं, म्हणून धागा वर आणतेय.

जावेला वजनकाटा आणून दिला. आधी चिडली, म्हणाली माझ्या हातावर विश्वास नाही का. मग एक घाणा तिच्या अंदाजाने आणि एक काट्यावर केला, दोन्हींची थालीपिठं लावली, खानावळीच्या वहिनींना न सांगता खाऊ घातली. त्यांनी काट्याच्या घाण्याला "ही नेहमीची" म्हटलं. अंदाजाच्या घाण्यात धणे जास्त झाले होते. आता जाऊच वही लिहिते, मला हात लावू देत नाही.

खानावळी आता पाच झाल्या, त्यातली एक मिरजेची. (नर्मदेहर, आता म्हणा मिरजेच्या ताई.) चष्मेबहाद्दर यांचं ऐकून दुकानं एकदम तोडली नाहीत. ज्यांनी जुने पैसे दिले त्यांना माल चालू आहे. ज्यांनी दिले नाहीत त्यांना सांगितलं की भाजणी सध्या उरत नाही, आणि ते खरंच आहे. त्यातल्या एकाने थोडे पैसे पाठवले, बाकी अजून "बाहेर" आहेत.

पोह्याचे पापड बंद केले, नाचणीचे फक्त मागणी आली तर. कुरडयांवर जाऊ अडून बसली आहे. त्यात पैसे सुटत नाहीत, पण तिच्या माहेरची कृती आहे, त्यामुळे त्या राहणार. यावर कुणी प्रतिसाद देऊ नये.

---

नर्मदेहर

कुरडयांवर चर्चा होणारच.

---

एडिसनची_सून

मिरजमळा, खूप छान वाटलं वाचून. भाजणी परदेशात पाठवता का? इथे आमच्या मंडळातल्या चार-पाच जणी घेतील. आणि नीट सील केलेली असेल तर किती महिने टिकते?

---

ताळेबंद

मिरजमळा, लगेच हो म्हणू नका. कुरिअरचा खर्च भाजणीच्या किमतीपेक्षा जास्त होईल. पाकिटावर घटक, वजन, तारीख, १४ अंकी अन्नपरवाना क्रमांक लागेलच, शिवाय तिकडचे नियम वेगळे. पाच खानावळींच्या पंधरा करणं यापेक्षा सोपं आहे.

---

शेंगदाणा

लोगो तयार आहे. थालीपीठ आहे, मध्ये भोक आहे, भोकात लोणी आहे. मेतकुटाचं काय झालं?

---

मिरजमळा

शेंगदाणा, लोगो आवडला, पण जाऊ म्हणते लोणी जास्त दाखवलंय. मेतकूट पाठवते, पत्ता व्यक्तिगत निरोपाने (व्यनि) कळवा.

वहिनी, साधारण तीन महिने म्हणतो आम्ही, पण तेही आता मोजून बघायचंय. एक पिशवी तारीख घालून बाजूला ठेवली आहे. दर आणि बाकीचं मी तुम्हाला [पुढचा मजकूर संपादित]

---

संपादक मंडळ

धागा चांगला चालला आहे, पण दर, ऑर्डर आणि पत्ते कृपया व्यनिमधून. या विभागात जाहिरातीला परवानगी नाही.

---

चष्मेबहाद्दर

संपादक, मलाही एक किलो हवी आहे, म्हणून विचारतो. हा प्रतिसाद जाहिरातीत मोडतो का?